पाचवी सुई

डाग सुरुवातीला मसुराएवढा होता. डावा अंगठा जिथे मनगटाला मिळतो, त्या बुडाशी कातडीचा रंग आसपासपेक्षा फिका झाला होता. कडा सरळ नव्हत्या. एका बाजूने एक बारीक शेपटी मनगटाकडे उतरली होती. बोट फिरवलं की तिथे किंचित खळगा लागे, आणि हात उजेडाकडे धरला की खालची निळी शीर इतकी स्वच्छ दिसे की वर कातडी आहे की नाही अशी शंका यावी. दर रविवारी सकाळी कटरबाई खिडकीशी बसत, डागावर पॅटर्न उतरवायचा पातळ कागद ठेवत आणि टोकदार पेन्सिलीने त्याची कड आखून घेत. कागदावर आता एकात एक अशा तीन आकृत्या झाल्या होत्या. सगळ्यांत आतली नऊ मिलिमीटर रुंद होती. सगळ्यांत बाहेरची एकवीस.

"आई, चहा निवतोय!"

सुनेची हाक आली तशी त्यांनी कागद घडी करून खणात सारला आणि डागावर चिकटपट्टी लावली.

"अजून भरलं नाही ते भाजलेलं?" सून कप पुढे करत म्हणाली.

"म्हाताऱ्या कातडीला वेळ लागतो."

"म्हातारी म्हणे! कारखान्यात कुणी तुम्हाला म्हातारी म्हणून दाखवावं. कात्री घेऊन मागे लागाल."

कटरबाई हसल्या. इस्त्रीचा चटका बसला, ही थाप त्यांनी अडीच आठवड्यांपूर्वी मारली होती. ती पहिल्या फटक्यात पचली. इतकी सहज पचली याचंच त्यांना अलीकडे भय वाटत होतं.

त्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं कटिंग करत होत्या. नाव मागे पडलं आणि हुद्दा चिकटला. घरात मुलगासुद्धा चिडला की "आमच्या कटरबाईंना विचारा" म्हणायचा. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर आखणीचा कागद, आणि त्यातून हाताएवढा एकेक गठ्ठा सुटा करून मशीनवर न्यायचा, असं ते काम. मशीनचं पातं टेबलाच्या फटीतून वरून खाली अखंड धावत असतं. ते जागचं हलत नाही. गठ्ठा त्याच्याकडे न्यायचा, वळवायचा, गोलाईवर हळूच फिरवायचा, आणि हे सगळं होत असताना चाळीसातला एकही थर सरकू द्यायचा नाही. त्यासाठी डावा अंगठा लागतो. बोटं नुसती दिशा दाखवतात. दाबून धरतो तो अंगठा.

बावीस वर्षं दाबून धरलं, आणि मग बुडातला सांधा झिजला. आधी सकाळी कळ यायची. मग डब्याचं झाकण फिरेना, किल्ली फिरेना, सुटलेलं बटण लावता येईना. गेल्या वर्षी त्या जुन्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी फोटो दाखवला. दोन हाडांमध्ये जिथे काळी फट दिसायला हवी होती, तिथे हाडाला हाड टेकलं होतं.

"सांध्यात इंजेक्शन देतो," ते म्हणाले होते. "सूज उतरेल, दुखणं थांबेल. मिळालेल्या वेळात हाताला आराम द्या, पट्टा वापरा, व्यायाम करा. चार महिन्यांच्या आत पुन्हा देणार नाही. आणि एक ध्यानात ठेवा, झिजलेलं यानं भरून येत नाही."

दुखणं थांबलं. कटरबाईंना आठवत होतं, तिसऱ्या दिवशी त्यांनी बरणीचं झाकण एका झटक्यात उघडलं आणि स्वयंपाकघरात एकट्याच हसत उभ्या राहिल्या. सुनेनं ते पाहिलं होतं आणि "आई, बरणीत काही विनोद होता का?" असं विचारलं होतं. तो आराम सात महिने टिकला. पट्टा मात्र खणातच राहिला, कारण पट्टा बांधून गठ्ठा फिरत नाही.

दुसरं इंजेक्शन चार महिने पुरलं. तिसरं सहा आठवडे. त्यानंतर जुने डॉक्टर सरळच बोलले, "आता पुढचं देणार नाही. हे काम सोडा, नाहीतर ऑपरेशनचा विचार करा. दोन्ही टाळून चालणार नाही."

काम सोडायची वाटही समोर होती. सुपरवायझरने सहा महिन्यांपूर्वीच विचारलं होतं, "कटरबाई, पॅटर्नच्या खोलीत या. आखणीचं काम आहे, बसून. तुमच्याएवढी नजर कुणाची नाही." बाई "बघू" म्हणाल्या होत्या. त्या "बघू"ला सहा महिने झाले होते. पॅटर्नची खोली जिन्याखाली होती, तिथे मशीनचा आवाज येत नसे. कटिंग हॉलमध्ये शिरल्यावर ज्या क्षणी त्या कळ दाबत त्या क्षणी सगळ्या हॉलचं काम सुरू होई. बावीस वर्षं तसंच चाललं होतं. जिन्याखाली बसलेल्या बाईसाठी कुणाचं काही अडत नाही.

म्हणून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तिथे अर्जावर प्रश्न होता, या सांध्यात पूर्वी इंजेक्शन घेतलं आहे का? बाईंनी "नाही" लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

त्या दिवसाची प्रत्येक गोष्ट त्यांना क्रमाने आठवे. विसरायचा प्रयत्न केला की आणखी क्रमाने आठवे.

जेवणाच्या सुट्टीत "बँकेत जाऊन येते" असं सांगून त्या बाहेर पडल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात हलका होता. अंगठ्यावर थंडगार जेल लावून त्यांनी यंत्राची दांडी टेकवली आणि पडद्यावर करड्या ढगांतून एक पांढरी रेघ पुढे सरकताना दिसली. ती सुई होती. "औषधाबरोबर बधिर करायचंही औषध आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत अंगठ्याला काही कळणार नाही. आज धारदार वस्तूला हात लावू नका. दोन दिवस विश्रांती. काम कशाचं करता?"

"घरीच असते," बाई म्हणाल्या.

पाऊण तासाने त्या कटिंग हॉलमध्ये होत्या. हातात पोलादी कड्यांचा हातमोजा चढवायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली. आखणीच्या कागदाला लावलेली टाचणी काढली आणि डाव्या अंगठ्याच्या पेरात टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली. रक्ताचा ठिपका आला, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर यावा तसा त्यांनी पाहिला.

त्यांना ठाऊक होतं. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःची कितीतरी प्रकारे समजूत घातली, पण टाचणीपाशी आल्या की पुढे एक पाऊल टाकता येत नसे. त्यांना पूर्ण ठाऊक होतं, आणि त्यांनी मोजा चढवून कळ दाबली होती.

समोर सून उभी होती. लग्नानंतर दोन वर्षांनी बाईंनीच तिला कारखान्यात लावलं होतं. कापला गेलेला भाग समोरून ओढून घेणं हे तिचं काम. टेबलावर पात्याभोवती वीतभर अंतरावर पिवळी रेघ होती. कापणाऱ्याचा मोजा घातलेला हात तेवढा रेघेच्या आत जाऊ शके, दुसऱ्या कुणाचाही नाही. हॉलमध्ये सून त्यांना आई म्हणत नसे. सगळ्यांसारखं बाई म्हणे.

"बँकेत गर्दी होती का, बाई?" थर अंथरणारी, जिला सगळे लेअरवाली म्हणत, पलीकडून ओरडली. "की साहेबानं बसवून चहा पाजला?"

"साहेबानं तुझी चौकशी केली. म्हणे, ती भांडखोर कुठे असते आता?"

"बघा! माझं नाव तिथपर्यंत पोचलं!"

सगळे हसले. पहिले दोन गठ्ठे सरळ रेघेचे होते, निघून गेले. तिसरा बाहीच्या गोलाईचा होता. अंगठा दाबला गेलाय की नाही, हे बाईंना डोळ्यांनी पाहून ठरवावं लागत होतं. गोलाईवर डोळे पात्याकडे गेले. वरचे आठ-दहा थर सरकले. एरवी हे सरकणं अंगठ्याला इतकं आधी कळे की बाईंना आपल्याला ते कळतं हेही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कुणीच काही सांगितलं नाही. गठ्ठा गर्रकन फिरला. त्याच्या दुसऱ्या टोकावर सुनेचा हात होता; कापडासकट तो रेघेच्या आत ओढला गेला. पोलादी कड्यांवर पातं घासल्याचा कर्कश आवाज झाला, आणि आपला अंगठा कुठे आहे हे बाईंना त्या आवाजावरून कळलं.

लेअरवालीने धावत येऊन मशीन बंद केलं.

सून उजव्या हाताच्या तर्जनीकडे पाहत उभी होती. नखाचा पुढचा भाग गेला होता. नखच गेलं होतं, फक्त नख, आणि खालच्या मांसाला एक लाल ओरखडा. टेबलावर, कापडाच्या तुसात, तो तुकडा पडला होता. बाईंनी अंतर मोजलं. मोजायची सवयच होती. चार मिलिमीटर आत आलं असतं तर पेर गेलं असतं.

सुपरवायझर आला. "रेघेच्या आत हात कुणाचा होता?"

"माझा," सून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझंच लक्ष नव्हतं, साहेब. बाईंनी सांभाळलं म्हणून वाचले."

बाईंनी तोंड उघडलं होतं. ते उघडं तोंड त्यांना आजही आठवे. सुपरवायझरने त्यांच्याकडे पाहिलंही, म्हणजे वेळ होता, दोन-तीन सेकंद नक्की होती. मग त्यांनी तोंड मिटलं.

सुनेला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा हात रेघेच्या आत दिसला तर तिला कटिंग हॉल बंद. तिने खाली सही केली, आणि बोटाला पट्टी असल्यामुळे सही वाकडी आली.

त्या दिवसापासून बाई जीव मुठीत धरून कामाला जात. सकाळी सून नातीची वेणी घालायला बसे, तेव्हा त्या दारात उभ्या राहून तिची बोटं मोजत. दहा. तीन बटांतून बोटं वरखाली पळत, आणि बाई पहिल्यापासून पुन्हा मोजत.

"आजी, तू काय बघतेस?" नात विचारे.

"तुझी वेणी."

"रोज बघतेस. आवडली तर तूही घालून घे."

हॉलमध्ये आणखी वाईट. सून मशीनसमोर उभी राही तेव्हा कापड ओढायच्या आधी दर वेळी रेघेकडे बघून घेई. एकदा लेअरवाली तिला म्हणाली, "अगं, एवढी घाबरतेस तर पॅकिंगमध्ये बदली माग. खोके भरायचे, टेप लावायची, डोक्याला ताप नाही."

"दुसऱ्या कुणासमोर उभं राहायला सांगितलं असतं तर मागितलीच असती," सून म्हणाली. "बाई समोर असल्या की मला भीती वाटत नाही."

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि मोजा नीट करायचा बहाणा करत पाठ फिरवली.

त्यांनी ठरवलं होतं, सांगायचं. सोमवारी ठरवलं, मग शुक्रवारी ठरवलं. सुपरवायझरच्या काचेच्या खोलीपर्यंत त्या दोनदा जाऊन आल्या. एकदा तो फोनवर होता, एकदा नव्हता. ज्या वेळी फोनवर नव्हता त्या वेळी बाईंनी त्याला दोऱ्याच्या रंगाबद्दल विचारलं. त्या मनाशी म्हणत, अंगठा आता बरा आहे, सगळं कळतंय, मग आता धोका कुठला? आणि खरंच, अंगठ्याला सगळं कळत होतं. वीस दिवस.

एकविसाव्या दिवशी कळ परत आली. अशी आली की मधल्या काळात कुठेतरी वाढूनच बसली असावी. दुपारी गोलाईवर अंगठ्यातून अशी चमक निघाली की त्यांचा हात आपोआप सुटला. गठ्ठा जागचा हलला नाही, त्या दिवशी नशीब चांगलं होतं. पण बाईंच्या मनात एक हिशेब स्पष्ट उभा राहिला. अंगठा बधिर केला तर पकड कळत नाही. बधिर केला नाही तर पकड टिकत नाही. दोन्हीकडून पातं तेच, आणि समोर उभी असलेली तीच.

घरी आल्यावर त्यांच्या हातून कप निसटला. सुनेनं तुकडे गोळा केले, केरात टाकले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बास. उद्या अर्धी रजा टाकते. तुम्हाला डॉक्टरकडे नेणार आहे."

"मी जाईन की एकटी. मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर उचलून नेलं असतं. मागच्या वर्षी त्या एका इंजेक्शनानं केवढा आराम पडला होता! बरणी उघडून हसत होतात. तेच पुन्हा घ्यायचं. सुईला घाबरता की काय?"

मुलगा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कटरबाई आणि सुईला घाबरणार!"

सुनेला एकच इंजेक्शन माहीत होतं. बाकीच्या तीन वेळा बँक, बँक आणि दाताचा डॉक्टर होता. जुन्या डॉक्टरांकडे जाऊन चालणार नव्हतं. ते सुनेसमोर सगळी यादी वाचतील. "जुन्यांकडे फार गर्दी असते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या एक आहेत. जरा लांब आहेत." आपल्याच तोंडून एवढ्या सरावाने खोटं निघताना ऐकून त्यांना वाटलं, ही बाई कोण आहे?

डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि भिंतीवर गुडघ्याचं चित्र. सून शेजारी बसून तर्जनीचं नख दुसऱ्या बोटाने चाचपत होती. ती आता तिची सवय झाली होती. नख वाढत होतं, दोन मिलिमीटरभर आलं असेल. आत जाताना सूनही उठली.

"तू बाहेर बस."

"का? आत काय सिनेमा आहे, तिकीट लागतं?" आणि ती आलीच.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना ओळखलं. हात टेबलावर घेतला, दाबून पाहिला, अंगठा हळूच फिरवला. बुडातून करकर झाली. तिघींनाही ऐकू आली. "इतक्या लवकर परत आलात? तीनच आठवडे झाले. पहिल्या इंजेक्शनानं एवढा कमी आराम पडायला नको."

"येऊन गेल्या? मला बोलल्या नाहीत. पण मग ते दुसरं ना?" सून म्हणाली. "मागच्या वर्षी एक घेतलं होतं त्यांनी. जुन्या डॉक्टरांकडे. ते दुसरंच व्हायला हवं."

डॉक्टरीणबाईंनी अर्ज उलटून पाहिला. "इथे तर आधी कधीच नाही असं लिहिलंय."

"राहिलं असेल लिहायचं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा आला.

"ही पट्टी कसली?"

"इस्त्रीचा चटका," सुनेनं उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी एका कडेने उचलली आणि काढली. दिवा जवळ ओढला. खळग्यावर बोट फिरवलं, दोन बोटांत कातडीची चिमटी धरली. ती कागदासारखी पातळ आली.

"चटक्याचा डाग असा नसतो," मग त्या म्हणाल्या. "इंजेक्शनातलं औषध कातडीजवळ राहिलं की रंग जातो, खालची चरबी विरते. एका इंजेक्शनानेही होऊ शकतं. पण इतकं, तीन आठवड्यांत... आजी, मी रागवायला विचारत नाही. हे इंजेक्शन वाईट नाही, योग्य अंतराने दिलं तर कितीतरी लोकांना मी यावरच बरं ठेवते. पण घाईघाईनं वारंवार दिलं तर शेजारून जाणारी कंडरा, म्हणजे ही दोरी, जी अंगठा उचलते, ती कमकुवत होते. काम करता करता एखाद्या दिवशी तुटते. आधी कळत नाही. म्हणून विचारते, एकूण किती झाली?"

काम करता करता. आधी कळत नाही. बाईंना गोलाईवर फिरणारा गठ्ठा दिसला.

"दोनच," सून मध्येच म्हणाली. "वर्षापूर्वीचं एक आणि... तुमच्याकडचं कधी म्हणालात?"

"अठरा तारखेला. दुपारी सव्वाला."

सून हसली. खात्रीने, जरा कीव आल्यासारखं हसली. "अठराला? मग तुमची काहीतरी गडबड आहे, डॉक्टर. अठरा माझ्या चांगली लक्षात आहे, त्या दिवशी माझं नख गेलं." तिने तर्जनी पुढे केली. "माझ्याच हलगर्जीपणानं. त्या दुपारी आई बँकेत गेल्या होत्या, आणि तिथून आल्या त्या थेट मशीनवर. दुसऱ्या कुणाची तरी नोंद यांच्या कागदात आली असेल. होतं असं. आमच्याकडेही गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या बदलतात."

डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग सुनेच्या नखाकडे, मग बाईंच्या हाताकडे. "मशीनवर?" त्या हळूच म्हणाल्या. "कसल्या मशीनवर?"

टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत मदतनिसाने आधीच भरून ठेवलेली सुई होती. तिच्या टोकाशी एक थेंब होता. तो थेंब अंगठ्यात गेला की कळ थांबेल. आज संध्याकाळपर्यंत काही कळणार नाही, उद्या कळेल, दोन आठवडे, फार तर तीन. आणि सुनेनं वाट करून दिली होती. चिठ्ठी बदलली असेल एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरीणबाई बहुधा मानणार नाहीत, पण सून मानेल. तिनं तर आधीच मानलं होतं. तिचा तो हात अजून टेबलावर होता, तर्जनी पुढे, कुणाला तरी दाखवायला ठेवल्यासारखा.

बाईंनी आपला हात दिव्याखालून काढून घेतला.

"नोंद बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"आई?"

"चार झाली आहेत, डॉक्टर. तीन जुन्या डॉक्टरांकडे, एक तुमच्याकडे. तुम्ही धारदार वस्तूला हात लावू नका म्हणालात आणि मी तासाभरात कापायला उभी राहिले. अंगठा मेल्यासारखा होता. टाचणी टोचून बघितली होती मी. बघितली होती आणि तरी सुरू केलं." आता त्या सुनेकडे वळल्या. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. त्याला कुठे जायचं हे कळत नव्हतं. "तुझं लक्ष होतं. तुझा हात रेघेबाहेर होता. गठ्ठा माझ्या हातून फिरला आणि त्यानं तुला आत ओढलं. साहेबानं विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

सुनेनं हात हळूच मागे घेतला आणि मुठीत मिटला. ती मिटलेली मूठ बाईंना सुईपेक्षा, पात्यापेक्षा भयानक वाटलं, आणि त्या थांबल्या असत्या तर तिथेच थांबल्या असत्या. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"ती सुई राहू द्या," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "हाताचं काय करायचं ते मग तुम्ही सांगा, पट्टा म्हणाल तर पट्टा, ऑपरेशन म्हणाल तर ऑपरेशन. आत्ता इथून मी कारखान्यात जाते. ताकीद कुणाच्या नावावर हवी होती ते सुपरवायझरला सांगते. आणि मशीन सोडते. आजपासून मी त्या मशीनवर उभी राहणार नाही."